सिंह राशीचा सिंह कोठला ?

गुरु सिंह राशीस आला म्हणजे नाशिकास व त्र्यंबकेश्वरीं सिंहस्थ लागतो, हें महाराष्ट्रांतल्या लहान मुलासहि ठाऊक असतें. २००३ सालीं तो लागला, त्यानंतर २०१५ सालीं लागला. वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे कुशावर्तावर स्नानास उतरतात. पर्वणीच्या दिवशीं गोदावरीच्या घाटांवर पाऊल ठेवावयास जागा नसते. परंतु सिंहस्थाचा अंमल केवळ यात्रेपुरता कधींच नव्हता. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांतून सिंहस्थ गुरूंत विवाहास निषेध सांगितला आहे, आणि तो विशेषेंकरून गोदावरी व भागीरथी यांच्या मधल्या मुलुखास लावलेला आहे. जुन्या काळीं सिंहस्थ जवळ येऊं लागला कीं उपवर मुलीच्या बापाची झोंप उडे. पुढें वर्षभर मुहूर्त नाहीं, तेव्हां मिळेल तें स्थळ पाहून मुलगी उजवून टाकावी, या घाईंत किती मुली अजाण वयांत बोहल्यावर चढल्या असतील, त्याची गणती कोणीं ठेवलेली नाहीं. आकाशांत कल्पिलेल्या एका जनावरानें माणसांच्या संसारांत एवढा हात घातला असेल, तर तें जनावर मुळांत कोठलें आणि त्यास तेथें कोणीं नेऊन बसविलें, हें विचारणें अप्रस्तुत ठरूं नये.

चैत्र-वैशाखांत रात्रीं नऊच्या सुमारास माथ्यावर पाहिलें असतां विळ्याच्या आकाराचा एक तारकापुंज दिसतो. विळ्याच्या मुठीशीं जो ठळक तारा आहे तो मघांचा योगतारा. पाश्चात्य त्यास रेग्युलस म्हणतात. विळा हें सिंहाचें मस्तक आणि आयाळ. त्याच्या पूर्वेस तीन ताऱ्यांचा त्रिकोण आहे तो सिंहाचा मागचा भाग. आणि त्या त्रिकोणाच्या टोंकाचा तारा म्हणजे शेपूट. या शेवटच्या ताऱ्याचें डेनेबोला हें युरोपीय नांव अरबींतून गेलेलें आहे व त्याचा अर्थच सिंहाचें शेपूट असा आहे. आपल्याकडे तोच उत्तरा फल्गुनीचा योगतारा होय.

आतां मौज अशी कीं, हे तारे आपल्या पूर्वजांनीं फार प्राचीन काळापासून ओळखले होते. अथर्ववेदांतील नक्षत्रांच्या यादींत मघा आहेत, फल्गुनीहि आहेत. पण तेथें सिंह कोठेंच नाहीं. मघांची देवता पितर, पूर्वा फल्गुनीची भग आणि उत्तरेची अर्यमा. पुढच्या मुहूर्तग्रंथांनीं मघांचा आकार घरासारखा सांगितला, पूर्वेचा मंचकासारखा व उत्तरेचा शय्येसारखा. ज्या ताऱ्यांत एका देशाच्या लोकांना घर आणि बिछाना दिसला त्याच ताऱ्यांत दुसऱ्या देशाच्या लोकांना हिंस्र पशु दिसला ! तेव्हां सिंहाचें चित्र ताऱ्यांनीं सुचविलेलें नव्हे. तें माणसानें ताऱ्यांवर आणून ठेवलेलें आहे.

तें ठेवणारे लोक युफ्रेटिस व टायग्रिस या नद्यांच्या कांठचे. बॅबिलोनी ज्योतिष्यांचा 'मूल-अपिन' नांवाचा ग्रंथ मातीच्या फरशांवर कोरलेला सांपडला आहे. त्याच्या उपलब्ध प्रतींतील सर्वांत जुन्या प्रती इसवी सनापूर्वीं सातव्या शतकांतल्या असल्या, तरी त्यांत सांठविलेलें ज्ञान त्याहून पुष्कळ जुनें आहे. त्यांत या तारकापुंजास सिंहाचें नांव असून त्याच्या छातीवरल्या ताऱ्यास 'राजा' म्हटलें आहे. हा राजा म्हणजेच आपला मघांचा तारा. ग्रीकांनीं त्यास 'बासिलिस्कोस', म्हणजे छोटा राजा, म्हटलें आणि रेग्युलस हें त्याचेंच लॅटिन भाषांतर. त्या देशांत राजा आणि सिंह यांचें नातें नुसतें कवीच्या कल्पनेंतलें नव्हतें. सिंहाची शिकार ही असुरिया देशाच्या राजांची खास मिरासच होती. असुरबनिपाल राजाच्या निनेव्हे येथील वाड्यांतल्या भिंतींवर ही शिकार दगडांत कोरलेली होती. तीं शिल्पें आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. त्यांत बाणांनीं विद्ध झालेली एक सिंहीण लुळे पडलेले मागचे पाय फरफटत पुढें सरकते आहे. तें कोरणाऱ्यानें सिंह जवळून पाहिला होता याबद्दल शंका राहत नाहीं.

पण सिंहाचा राजाशीं जसा संबंध तसाच सूर्याशीं. सिंह राशीचा स्वामी रवि, हें पंचांग चाळणारा कोणीहि सांगेल. हा संबंध जुळण्याचें कारण बहुधा आकाशांतच आहे. पृथ्वीच्या आंसाला अत्यंत मंद डोल असल्यामुळें अयनबिंदु नक्षत्रांतून हळूहळू मागें सरकतात. सुमारें बहात्तर वर्षांत एक अंश. हा हिशेब मागें नेला असतां असें दिसतें कीं, इसवी सनापूर्वीं २३०० च्या सुमारास सूर्य मघांच्या ताऱ्याशीं येई तेव्हांच दक्षिणायनाचा आरंभ, म्हणजे वर्षांतला सर्वांत मोठा दिवस असे. उन्हाळ्याच्या भरांत सूर्य सिंहाच्या अंगांत उभा. तेव्हां सूर्याचें घर तेंच, असें लोकांना वाटलें असल्यास नवल नाहीं. पुढें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनें कर्क व सिंह या राशी चंद्र-सूर्यांस दिल्या, त्याचें कारणहि त्यानें हेंच दिलें : या राशी उत्तरेकडच्या, माथ्याजवळ येणाऱ्या आणि उष्ण. प्लुटार्क नांवाचा ग्रीक लेखक तर सांगतो कीं, सूर्य सिंहेस आला म्हणजे नाईल नदीस पूर येतो, म्हणून मिसरी लोक देवळांच्या दारांवर जबडा वासलेले सिंह बसवितात.

टॉलेमीच्या आधीं अवघें दीड-दोनशें वर्षें, आजच्या तुर्कस्तानांत निम्रूद पर्वताच्या शिखरावर कोम्माजीनीचा राजा पहिला अँटायोकस यानें आपल्या स्मारकांत एक सिंह कोरविला. त्याच्या अंगावर एकोणीस तारे आहेत, गळ्याखालीं चंद्रकोर आहे, आणि पाठीवर ओळीनें मंगळ, बुध व गुरु या तीन ग्रहांचीं नांवें ग्रीक अक्षरांत आहेत. दगडावर कोरलेली ती कुंडलीच आहे. गुरु सिंहेस असणें हा त्या राजालाहि मोठा योग वाटत होता ! मात्र गोदावरी त्याला ठाऊक असण्याचें कारण नाहीं.

ग्रीकांकडून हें राशिचक्र हिंदुस्थानांत आलें तें इसवी सनाच्या पहिल्या कांहीं शतकांत. या गोष्टीचा पुरावा कोणा परक्यानें दिलेला नाहीं. तो वराहमिहिराच्या ग्रंथांतच पडलेला आहे. सहाव्या शतकांतल्या या आचार्यानें बृहज्जातकाच्या पहिल्याच अध्यायांत राशींचीं जीं दुसरीं नांवें दिलीं आहेत तीं संस्कृत वेषांतलीं ग्रीक नांवें आहेत. वृषभास तावुरि, कन्येस पाथोन, तुळेस जूक; आणि सिंहास लेय. ग्रीक भाषेंत सिंहास 'लेऑन' म्हणतात, हें कळलें कीं या 'लेय' शब्दाची व्युत्पत्ति शोधावयास अमरकोश उघडण्याची गरज उरत नाहीं. भूमितींतलें 'केंद्र' ग्रीकांचें, ज्योतिषांतली 'होरा' ग्रीकांची. 'अहोरात्र' या शब्दांतलें पहिलें व शेवटचें अक्षर गाळून होरा झाली, ही वराहमिहिरानें दिलेली व्युत्पत्ति चतुर आहे, पण खरी नव्हे. त्याच वराहमिहिरानें बृहत्संहितेंत, यवन हे म्लेंच्छ असले तरी या शास्त्रांतल्या त्यांच्या ज्ञानामुळें ते ऋषींप्रमाणें पूज्य मानले जातात, असा अभिप्राय नमूद केला आहे. उसनें घेतलेलें उसनें म्हणण्याचा मोकळेपणा त्याच्यापाशीं होता. तो पुढें आटत गेला, आणि राशी अनादि आहेत असें सांगण्याचा प्रघात पडला. मराठींत या प्रश्नाची शास्त्रशुद्ध चर्चा करण्याचें श्रेय शंकर बाळकृष्ण दीक्षित यांस आहे. शिक्षकाचा पेशा सांभाळून लिहिलेला त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि आजहि या विषयाचा विचार करणारास तो ओलांडून जातां येत नाहीं.

हें चक्र येथें आलें तेव्हां येथल्या नक्षत्रांशीं त्याचा मेळ घालण्यांत आला. मघा, पूर्वा आणि उत्तरेचा पहिला चरण मिळून सिंह रास झाली. त्यामुळें ज्या ताऱ्यास अरबांनीं सिंहाचें शेपूट म्हटलें, त्या उत्तरा फल्गुनीचे तीन चरण पंचांगांत कन्येकडे गेले. आणखी एक गंमत अयनचलनामुळें झाली आहे. युरोपीय ज्योतिषी राशी संपातापासून मोजतात, आपले पंचांगकर्ते ताऱ्यांपासून. आणि दोहोंत आज सुमारें चोवीस अंशांचा फरक पडला आहे. इंग्रजी वृत्तपत्रांत २३ जुलैपासून सिंहेचा महिना धरतात. पंचांगांतला सूर्य सिंहेस पोंचतो तो १७ ऑगस्टच्या सुमारास. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत जन्मलेला मनुष्य इंग्रजी वर्तमानपत्र वाचीत असेल तर वनराज, आणि पंचांग पाहील तर त्याचा रवि खेंकड्याच्या घरांत ! आपल्याकडे रास चंद्रावरून धरतात म्हणून हा घोंटाळा सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, इतकेंच.

सूर्य आणि सिंह यांची ही जोडी ज्योतिषांतून बाहेर पडून राजांच्या नाण्यांवर गेली, तो इतिहास मोठा मनोरंजक आहे. तेराव्या शतकांत आशिया मायनरांत सेल्जूक तुर्कांचें राज्य होतें. त्यांच्या दुसऱ्या कैखुस्रू नांवाच्या सुलतानाचीं रुप्याचीं नाणीं मिळतात. त्यांवर चालता सिंह असून त्याच्या पाठीवर मनुष्यमुखी सूर्य आहे. बार हेब्रियस या सिरियन इतिहासकारानें त्याची हकीकत दिली आहे ती अशी. सुलतानाची एक राणी जॉर्जिया देशाची राजकन्या होती आणि तिच्यावर त्याचें अतिशय प्रेम होतें. नाण्यावर तिची तसबीर घालावी असें त्याच्या मनांत आलें. दरबारी मंडळींनीं हें धर्माविरुद्ध म्हणून विरोध केला. तेव्हां तडजोड अशी निघाली कीं, सिंहावर सूर्य काढावा आणि ती राणीची जन्मवेळेची ग्रहस्थिति आहे असें सांगावें. पुढें हीच आकृति इराणांत रुजली, सिंहाच्या हातीं तलवार आली, आणि ती इराणचें राजचिन्ह होऊन बसली. १९७९ च्या क्रांतीनंतर ती ध्वजावरून काढण्यांत आली.

हिंदुस्थानांत हा प्रयोग जहांगिरानें केला. १६१८ सालीं त्यानें हुकूम सोडला कीं, यापुढें नाण्याच्या एका बाजूस त्या त्या महिन्याच्या राशीचें चित्र असावें आणि त्या चित्रामागून सूर्य उगवतांना दाखवावा. ही कल्पना पूर्वीं कोणास सुचली नव्हती, ती आपलीच, असें त्यानें आत्मचरित्रांत अभिमानानें लिहून ठेविलें आहे. आग्र्याच्या टांकसाळींत सोन्याच्या मोहरा पडल्या व अहमदाबादेस रुपये. सिंहेच्या मोहरेवर आयाळीचा सिंह आहे व त्याच्या पाठीमागें किरणांसह सूर्य आहे. मोहरेचें वजन तोळ्याहून किंचित् कमी. पण त्या एवढ्याशा सोन्यावर बॅबिलोनचा सिंह, ग्रीकांचा राशिस्वामी, इराणचें राजचिन्ह आणि मोंगल बादशहाची हौस अशीं सगळीं एकत्र नांदत आहेत. फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निये यानें, एका दिवसापुरती बादशाही मागून घेऊन नूरजहाननें हीं नाणीं पाडलीं, अशी गोष्ट लिहिली आहे. ती बाजारगप्प होय. बादशहाचेंच लेखन तिच्या विरुद्ध आहे.

इतका वेळ एकाच सिंहाचा माग काढतां आला. पण युरोपांत भविष्य पाहण्यासाठीं जे टॅरो नांवाचे पत्ते वापरतात आणि जे आतां मुंबई-पुण्यासहि पसरले आहेत, त्यांतल्या सिंहाची कुळकथा निराळी आहे. हे पत्ते पंधराव्या शतकांत उत्तर इटलींत निघाले, आणि ते खेळण्यासाठीं होते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत नृसिंहाचीं बारा पानें असतात, पण म्हणून तीं उलटून कोणी भविष्य सांगत नाहीं, तसेंच हें. टॅरोच्या अठ्ठ्याहत्तर पानांपैकीं बावीस चित्रांचीं हुकुमाचीं पानें असून त्यांत 'बल' किंवा 'धैर्य' या नांवाचें एक पान आहे. न्याय, संयम, धैर्य हे ख्रिस्ती नीतिशास्त्रांतले प्रमुख सद्गुण. त्यांच्या मूर्ति त्या काळीं चर्चच्या भिंतींवर काढीत, त्याच पत्त्यांवर उतरल्या. मिलानच्या सरदार घराण्यासाठीं रंगविलेल्या एका जुन्या जोडांत एक मुकुटधारी स्त्री सिंहाचा जबडा धरून आहे. दुसऱ्या जोडांत सोटा उगारलेला पुरुष सिंहावर तुटून पडला आहे. तिसऱ्यांत तर सिंहच नाहीं, मोडका खांब धरलेली स्त्री आहे. सिंह गैरहजर असूनहि पानाचा अर्थ बिघडत नाहीं, यावरून तो राशीचा सिंह नव्हे हें उघड आहे. सोटा उगारलेला पुरुष हर्क्युलिस असावा असें मानतात. आणि ग्रीक पुराणकथेप्रमाणें हर्क्युलिसानें मारलेला सिंहच आकाशांत जाऊन रास झाला. हा एक धागा मात्र खरोखरीचा होता. पण पुढच्या गूढवाद्यांनीं नातें जोडलें तें या धाग्यानें नव्हे.

१७८१ सालीं कूर द जेब्लें नांवाच्या फ्रेंच विद्वानानें जाहीर केलें कीं, टॅरो हा प्राचीन मिसर देशाच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे. मिसरी चित्रलिपी वाचण्याची किल्ली शांपोल्योंला सांपडली ती १८२२ सालीं, म्हणजे या शोधानंतर एक्केचाळीस वर्षांनीं. तेव्हां जेब्लेंनें मिसरी ग्रंथ वाचला असण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु कल्पना लोकांना आवडली. त्यानंतर बावीस पानें आणि हिब्रू भाषेचीं बावीस अक्षरें यांची सांगड घालण्यांत आली. १८८८ सालीं लंडनांत स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' मंडळानें त्याच हिशेबानें पानांवर राशीहि वांटल्या, आणि तेथें एक अडचण उभी राहिली. जुन्या क्रमांत न्याय आठवा व बल अकरावें. त्याप्रमाणें वांटणी केली तर हातीं तराजू असलेली न्यायदेवता सिंह राशीवर येई, आणि सिंह असलेलें पान तूळ राशीवर ! मंडळींनीं उपाय सोपा केला. दोन्ही पानांचे आंकडेच बदलून टाकले. १९०९ सालीं वेट या गृहस्थांच्या सूचनेवरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्त्रीनें जो जोड काढला, त्यांत हाच बदललेला क्रम आहे. फुलांची माळ ल्यालेली एक श्वेतवस्त्रा तरुणी सिंहाचें तोंड हलकेंच मिटवीत आहे, हें त्यांतलें चित्र आज जगभर प्रसिद्ध आहे. चित्र सुंदर आहे, यांत वाद नाहीं. पण त्या सिंहास रवीचें घर आणि अनादि विद्या चिकटविली जाते, तिचें वय दीडशें वर्षांचेंहि नाहीं. गणित जुळेना म्हणून आंकडे फिरविणें हें शाळेंतल्या पोरास शोभतें, शास्त्रास नव्हे.

सारनाथचे सिंहहि याच माळेंत ओंवण्याचा मोह कित्येकांना होतो. चार दिशांस तोंडें केलेले ते चार सिंह सम्राट् अशोकानें इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत स्तंभावर बसविले. १९०५ सालीं ते उत्खननांत सांपडले, आणि २६ जानेवारी १९५० रोजीं भारताचें राजचिन्ह झाले. राशिचक्र हिंदुस्थानांत रूढ होण्यापूर्वींचे हे सिंह आहेत. त्यांचा संबंध शाक्यसिंह म्हणविल्या गेलेल्या बुद्धाच्या सिंहनादाशीं आहे, रवि-मंगळांशीं नाहीं.

ज्याच्या नांवावर हा सर्व पसारा उभा राहिला तो जिवंत सिंह मात्र यांतल्या बहुतेक देशांतून नाहींसा झाला. ग्रीसमधून तो प्राचीन काळींच गेला. युफ्रेटिसकांठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं तो संपला, आणि इराणांत ध्वजावर सिंह फडकत असतांनाच १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत रानांतला शेवटचा सिंह दिसला. नर्मदेच्या दक्षिणेस तर तो मुळांत नव्हताच. म्हणून मराठी मुलुखांतल्या देवीच्या चित्रांत वाहन म्हणून कधीं सिंह येतो, कधीं वाघ, आणि दोहोंचा फरक फारसा कोणास जाणवत नाहीं. आशिया खंडांत तो उरला तो सौराष्ट्रांतल्या गीरच्या रानांत, जुनागडच्या नबाबांनीं शिकारीस आळा घातला म्हणून. १९३६ सालीं जुनागड संस्थानानें केलेल्या मोजणींत २८७ सिंह भरले. २०२० सालीं ते ६७४ होते. २०२५ च्या गणनेंत ८९१ झाले. हे सर्व एकाच प्रांतांत असल्यामुळें एकाद्या सांथीनें सगळेच सांपडतील, या भीतीनें कांहीं सिंह मध्यप्रदेशांतल्या कुनोच्या रानांत हलवावेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं दिला. २०२२ सालीं त्या रानांत नामिबियाहून आणलेले चित्ते सोडण्यांत आले. २०२५ ची गणना झाली तेव्हां सिंह गुजराथेंतच होते.